कार्बन फायबर ट्रायपॉड: त्र्यंबकचा पाऊस, थरची वाळू आणि लडाखचं बर्फ, नऊ महिन्यांनंतर

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच बांधणीचे ट्रायपॉड सध्या पाच-सहा नावांनी मिळतात, आणि मला जे सांगायचंय ते बांधणीबद्दलच आहे. चार टप्प्यांचे पाय, पिळाचं लॉक, सगळ्यात जाड नळी २८ मिलिमीटरची, बॉलहेडसकट (म्हणजे कॅमेरा बसवून हवा तसा वळवायचं वरचं डोकं) वजन १६२० ग्रॅम. हे घरच्या काट्यावर केलेलं वजन. खोक्यावर १३०० लिहिलंय, ते हेड न धरता. गेल्या ऑगस्टात साडेचौदा हजारांना घेतला, आता मे संपत आलाय.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आठवडाभर व्हर्नियर आणि गेज, रविवारी डोंगर. आधीचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड पावणेतीन किलोचा होता. साल्हेरला नेला तेव्हा शेवटच्या चढावर मी तो भाच्याच्या खांद्यावर दिला. १५६७ मीटरवर पोचल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी मीच कॅमेरा धरून पुतळ्यासारखा उभा राहतो, पण हे धूड नको." त्यामुळे नवा घेताना माझं सगळं लक्ष वजनावर होतं. वजन चांगलंच आहे, तक्रार नाही. पण दुकानात उभं राहून मी पाहायला हवं होतं ते वेगळंच.

पहिले दोन महिने आपल्याच भागात गेले. अंजनेरी, ब्रह्मगिरी, त्र्यंबकच्या आसपासचे ओढे. वाहत्या पाण्याला तो दुधाळ पदर यायला अर्ध्या ते एक सेकंदाचं एक्सपोजर लागतं आणि तिथे हाताचा भरवसा नाही. ट्रायपॉडने काम चोख केलं. ओढ्यात उभा करताना मी सगळ्यात खालची बारीक नळी आधी वीतभर बाहेर काढते आणि उरलेली उंची वरच्या टप्प्यांनी साधते, म्हणजे खालच्या लॉकचा सांधा पाण्याच्या वर राहतो. घरी आलं की पाय पूर्ण लांब करून गॅलरीत वाळवायचे. एका रविवारी कंटाळा केला. बुधवारी पाय ओढून पाहिला, तर नळीतून चहाच्या रंगाचं पाणी निघालं, तेही सोफ्यावर.

हरिहर किल्ल्याचा अनुभव मात्र वाईट. मिटल्यावर ट्रायपॉड जवळजवळ ५० सेंटिमीटरचा होतो, आणि मी तो बॅगेच्या बाजूच्या खिशात उभा बांधला होता. त्या खड्या पायऱ्या उतरताना तोंड कातळाकडे असतं, हात खोबण्यांत, आणि अंग जरा वळवलं की ट्रायपॉडचं टोक कातळात अडकतं. वरून माणसं, खालून माणसं, मधे मी. शेवटी सुटले, पण एका पायावर दोन सेंटिमीटरचा ओरखडा राहिला. घरी येऊन तिन्ही पायांवर नाणं वाजवून पाहिलं. कार्बनचे थर आतून सुटले असतील तर तिथे आवाज बद्द येतो. तिन्ही सारखेच टणटणले. तेवढ्यावर समाधान मानलं. हरिहरला आता ट्रायपॉड नेत नाही.

डिसेंबरात जैसलमेरला गेले. तिथलं मरु राष्ट्रीय उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. जाण्याआधी माझ्या डोळ्यांसमोर नुसत्या वाळूच्या लाटा होत्या. प्रत्यक्षात टेकड्या साधारण पाचव्या हिश्शाएवढ्याच. बाकी सगळा मुरमाड, खडकाळ माळ, सेवण गवताचे झुपके आणि मधूनच एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी. नांदगाव-येवल्याकडचा उन्हाळा पाहिलेल्या माणसाला त्यातलं अर्धं ओळखीचं वाटेल. मला तर वाळूपेक्षा हा माळच जास्त आवडला. एक झाड, त्याची लांब सावली आणि वर नुसतं आकाश. मात्र माळढोकासाठी राखलेल्या भागात फोटोसाठी शिरायचा हट्ट आपण लँडस्केपवाल्यांनी धरू नये. पक्षी मोजकेच उरलेत आणि आपल्याला झाड दुसरीकडेही मिळतं.

सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या जैसलमेर शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. संध्याकाळी तिथे उंट, जीप आणि ढोलकी, त्यामुळे पावलांशिवाय हातभर वाळू मिळणं मुश्कील. वारं सुटलं तर रात्रीत पावलं पुसली जातात, म्हणून पहाट गाठायची. तिथे डिसेंबरात सूर्य सव्वासातनंतर उगवतो. मी साडेसहालाच वर होते. वाळूवरच्या सुरकुत्यांना सावली असते ती जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, ऊन वर चढलं की सगळं चाळलेल्या पिठासारखं सपाट दिसायला लागतं. सुरकुती ठसठशीत यायची तर कॅमेरा जमिनीपासून फूटभरावर हवा.

आणि इथे मधली दांडी, म्हणजे कॅमेरा आणखी वर उचलायची तिन्ही पायांमधली उभी नळी, आडवी आली. शब्दशः. पाय कितीही फाकवले तरी दांडी जमिनीला टेकते, कॅमेरा गुडघ्याच्या खाली येत नाही. दांडी काढता येते, पण त्याला ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, लागते आणि ती हॉटेलच्या खोलीत, चार्जरच्या पिशवीत. सूर्य थांबणार नव्हता. मग हातांनी खड्डा केला, पोरं दिवाळीत किल्ल्याला माती उकरतात तसा, आणि ट्रायपॉड त्यात बसवला. एफ ११, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, बारा फ्रेम. त्यातली एक आज आमच्या हॉलमध्ये लावलेली आहे. पण त्या खड्ड्यात खालची तिन्ही लॉक्स वाळूत पुरली गेली होती, आणि मी ती तशीच पिळून मिटवली.

दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं. राहायला होते तिथल्या बाईंकडून लोणच्याच्या बरणीची तीन झाकणं मागून घेतली आणि पायांखाली ठेवली. पाय रुतत नाहीत आणि सांधा वर राहतो. खुरी गावाच्या बाजूला रात्री त्याच झाकणांवर मृग नक्षत्र टिपलं, २० मिलिमीटरवर २० सेकंद. डिसेंबरात आकाशगंगेचा गाभा मागायचा नाही, तो तेव्हा सूर्याच्या बाजूला असतो. त्यासाठी मार्च ते मेमधली अमावस्येची पहाट हवी.

नाशिकला परत आल्यावर पाय पिळला की जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज यायचा. कंपनीने आट्यांना दाट पांढरं ग्रीस भरलेलं, त्यात थरची बारीक वाळू बसून सरळ पॉलिश पेपर तयार झाला होता. जुन्या वर्तमानपत्रावर तिन्ही पाय उघडले. इथे या ट्रायपॉडला पूर्ण गुण द्यायला हवेत: लॉक पूर्ण पिळलं की नळी हातानेच बाहेर येते. पान्हा नको, स्क्रू नाही. आत काय असतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. नळीच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात, बांगडीचे दोन तुकडे म्हणा. प्रत्येकीच्या आतल्या बाजूला तिळाएवढी टिकली, ती नळीच्या भोकात बसते. या पट्ट्यांमुळेच आतली नळी बाहेरच्या नळीत डुगडुगत नाही आणि ओढताना निसटून हातात येत नाही. नळी बाहेर आली की पट्ट्या गळून पडतात. तीन पायांत मिळून अठरा.

भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. दोन तास. ग्रीस पूर्ण काढलं, वाळवलं, आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवला. पट्ट्या मोजल्या, सतरा. मी आत हात धुवायला गेले तेवढ्यात नवऱ्याने उत्साहाने वर्तमानपत्र झटकून, खाली झाडूनही घेतलं होतं. एरवी सांगून होत नाही ते काम.

विक्रीनंतरच्या सेवेला फोन केला. पट्टी सुटी मिळत नाही, अख्खा पाय पाठवा, पाच-सहा आठवडे लागतील, ३२०० रुपये होतील. नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी! वॉरंटी? "वाळूचं नुकसान त्यात येत नाही." मग ते खोक्यावर वाळवंटाचं चित्र कशाला छापलंय, हे विचारलं. उत्तर मिळालं नाही.

आधी घरगुती उपाय. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून पाहिलं. व्हर्नियरवर भरलं ०.६ मिलिमीटर, मूळ पट्टी १.१. पाय डुलायला लागला. शेवटी सातपूरला आमच्या कारखान्याचं किरकोळ काम करणारे एक लेथवाले आहेत, त्यांच्याकडे सतरातली एक पट्टी नमुन्याला घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर सरकवून ती उजेडात धरली.

"ताई, अर्धा बुश काढता येत नाही. अख्खा काढून मधून चिरावा लागेल."

"मग चिरा."

"आणि ही टिकली नायलॉनमध्ये टिकायची नाही. पितळी पिन मारतो."

नायलॉनच्या रॉडमधून त्यांनी दोन बुश काढले, चिरून चार पट्ट्या केल्या, पिना मारल्या. १५० रुपये. मूळ पट्टीपेक्षा ही घट्ट बसते. फक्त तो एक टप्पा ओढताना किंचित जोर लागतो, आणि अंधारातही मला कळतं की हा सातपूरवाला पाय.

फेब्रुवारीच्या शेवटी लडाख. हेमिस राष्ट्रीय उद्यान सुमारे ४४०० चौरस किलोमीटरचं, देशातलं सगळ्यात मोठं. तिथे बहुतेक लोक हिमबिबट्यासाठी येतात. रुम्बाक गावातल्या एका घरात आम्ही सहा जण होतो, पाच जणांकडे हातभर लांब लेन्स आणि माझ्याकडे वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी. बिबट्या दिसला नाही तेव्हा मी एकटीच खूश होते. लेह आधीच साडेतीन हजार मीटरवर, त्यामुळे पहिले दोन दिवस नुसतं बसून राहिले. ते टाळू नका, ट्रायपॉड कितीही हलका असो.

पहाटे उणे १५ च्या आसपास. ग्रीस थंडीत घट्ट होतं, पण माझ्या पायांत ते उरलंच नव्हतं, त्यामुळे लॉक्स लोण्यासारखी फिरली. पुण्याचे एक काका अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड घेऊन आले होते, ते हातमोजा काढला की दर वेळी "आई गं" म्हणायचे. कार्बन हाताला तसा चटका देत नाही. गोठलेल्या ओढ्यावर ट्रायपॉडचे रबरी बूट घसरले, सोबत आलेले खिळे लावल्यावर पकड आली. भुसभुशीत बर्फात पाय पूर्ण फाकवून वरून दाबायचे नाहीत. बर्फात शिरताना ते आणखी फाकू पाहतात आणि सगळा ताण ट्रायपॉडच्या वरच्या बिजागरीवर येतो. पाय थोडे जवळ ठेवून आधी रोवायचे. आणि कॅमेऱ्याच्या मीटरवर विश्वास ठेवला तर बर्फ राखाडी येतं, मी एक्सपोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून घेत होते. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि तासभर उघडायचं नाही, नाहीतर आतबाहेर दव धरतं.

न आवडलेलं. बॉलहेड. वाइड लेन्सला ठीक, पण लांब लेन्स उभ्या फ्रेमला लावली की घट्ट केल्यानंतरही नाक थोडं खाली येतं. मी आता मुद्दाम जरा वर धरून घट्ट करते. गोल फिरवायची नॉब शेंगदाण्याएवढी, हातमोज्यात सापडतच नाही. मधल्या दांडीला खाली हुक दिलाय, बॅग लटकवून ट्रायपॉड स्थिर करायला. वाऱ्यात ती बॅग लंबकासारखी झुलते आणि उलट फोटो हलतो. बॅग जमिनीला टेकेल इतकी खाली बांधली तरच उपयोग. मधली दांडी मी जैसलमेरनंतर काढून टाकली ती परत लावलेली नाही. उंची कमी झाली, पण कंबरेत वाकून फोटो काढायची सवय होते.

भर दुपारी याची गरज फारशी पडत नाही, हेही सांगायला हवं. आताचे कॅमेरे हाताची थरथर बऱ्यापैकी सांभाळतात. घरात छापून लावलेल्या सहा फोटोंपैकी दोन हातात धरून काढलेले आहेत आणि पाहुणे त्यातल्याच एकाचं कौतुक करतात.

घेणार असाल तर दुकानात सगळ्यात खालचं लॉक पूर्ण पिळून नळी बाहेर काढून दाखवा म्हणा. दुकानदाराने कां-कूं केलं, किंवा स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागला, तर दुसरा बघा. या पट्ट्या सुट्या मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. भार बारा किलो पेलतो की पंधरा, हा आकडा मी तरी पुन्हा वाचणार नाही.

बॉलहेड बदलणार आहे, पाय ठेवणार. भाच्याने परवा हाच ट्रायपॉड कळसूबाईसाठी दोन दिवस मागितला. दिला, पण परत आणल्यावर माझ्यासमोर तिन्ही पाय उघडून अठरा पट्ट्या मोजून द्यायच्या, या बोलीवर.