यामाहा पी-४५: ठाण्यातल्या फ्लॅटसाठी डिजिटल पियानो

८८ पट्ट्या, हॅमर ॲक्शन (खऱ्या पियानोसारख्या वजनदार पट्ट्या), वजन ११.५ किलो. घोडबंदरच्या वन-बीएचकेत भिंतीलगत मावतो. खालच्या सुरांच्या पट्ट्या जड, वरच्या हलक्या. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर बोटांना ही सवय लागत नाही. सोबतचं सूर लांबवायचं पेडल मात्र चौकोनी खटका, गुळगुळीत टाइल्सवर सरकतं. खाली रबरी मॅट घाला. हेडफोनला ६.३५ मिमीची पिन लागते, मोबाईलवाल्यांसाठी ॲडॅप्टर आधीच घ्या.

गाणाऱ्यांची सोय ट्रान्सपोजमध्ये, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा सूर वर-खाली सरकवण्यात: उणे ४ (चार अर्धस्वर खाली) केलं की सफेद एकवर (C) बोट ठेवून काळी चार (G#) वाजते. पण सवय लावू नका, स्वरस्थानं चुकीची पाठ होतात. एक्स-स्टँड टाळा, हलतो. कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल एवढं स्टूल हवं. पावसाळ्यात खिडकीपासून लांब, कापडाखाली.