गच्चीवरच्या डिशचं वायरलेस नेट, अंबाजोगाईकडचा अनुभव

आमच्या गावात फायबर अजून आलेलं नाही म्हणून हे घेतलं आणि खरंच लय कामाला आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, तालुक्यातलीच आहे. गच्चीवर पाईपाला छोटी डिश, ती कंपनीच्या टॉवरचा सिग्नल धरते, तिथून लॅन केबल खाली, अडॅप्टर आणि राउटर, झालं. पोरगी नीटचे लेक्चर बघते, मी टॅली करतो, दोन्ही सोबत चालतं.

हे 5 गिगाहर्ट्झच्या बिनलायसन्स बँडवर, म्हणजे परवाना न घेता वापरता येणाऱ्या रेडिओ लहरींवर चालतं, 2018 ला सरकारनं त्यातला मोठा पट्टा मोकळा केला म्हणून छोट्या लोकांनाही स्पेक्ट्रम विकत न घेता टॉवर टाकता येतो. पण मोकळा म्हणजे सगळ्यांनाच मोकळा, दुसऱ्या कोणी तोच चॅनल धरला की स्पीड पडतो आणि आपला हक्क सांगता येत नाही. संध्याकाळी ते जाणवतं.

टॉवर समोर दिसलाच पाहिजे. आमच्या मधी कडुलिंबाचं झाड येतंय, नवी पालवी फुटली की सिग्नल घसरायचा, पावसात पानं ओली झाली की अजूनच, शेवटी कंपनीच्या पोरानं पाईप वाढवून डिश वर घेतली तेव्हा नीट झालं. नुसत्या पावसानं काही होत नाही, लोक उगाच घाबरवतात.

राग एकाच गोष्टीचा आहे, लाईट जास्त वेळ गेली की टॉवरची बॅटरी संपते, आपल्या घरी इन्व्हर्टर असून उपयोग नाही, आणि तेव्हा फोन कोणी उचलत नाही. कनेक्शन घ्यायच्या आधी बॅटरी किती तास चालते ते विचारा आणि गच्चीवर नेऊन टॉवर दाखवायला लावा.