रुग्णालयासाठी चित्रे निवडून देणारी सेवा: विषयांची जाण उत्तम, मांडणीत हयगय

रुग्णालयांच्या भिंतींसाठी चित्रे निवडून, छापून आणि लावून देणाऱ्या एका व्यावसायिक सेवेचे काम नव्या इमारतीच्या निमित्ताने जवळून पाहता आले. या क्षेत्रातील इतर सेवांमध्येही हेच गुणदोष आढळण्याचा संभव असल्याने नाव देण्याचे टाळले आहे.

चित्रांच्या विषयांबाबत या मंडळींची जाण खरोखर चांगली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांना जिथे थांबवले जाते, त्या खोलीत भडक रंगांचे मोठे अमूर्त चित्र लावावे, असा व्यवस्थापनाचा आग्रह होता; तो त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे नाकारला. त्यामागे आधार होता. स्वीडनमधील उप्साला येथे, परिसराचा रुग्णांवर होणारा परिणाम अभ्यासणारे संशोधक रॉजर उलरिच आणि सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसमोर वेगवेगळी चित्रे ठेवून पाहिली, तेव्हा पाणी आणि झाडे असलेल्या मोकळ्या दृश्यामुळे चिंता कमी झाली, तर सरळ रेषांच्या अमूर्त चित्रामुळे ती चित्र नसतानापेक्षाही वाढलेली आढळली. दिवाणखान्यात गूढतेमुळे खुलणारे चित्र आधीच धास्तावलेल्या माणसाला भलतेच काही सुचवू शकते, हे येथे ओळखले गेले होते.

त्यांच्या संग्रहातील निसर्गदृश्येही सरसकट गोळा केलेली नाहीत. पाणी संथ आहे, पायवाट उजेडाकडे जाते, झाडे भरलेली आहेत. मावळता सूर्य, निष्पर्ण एकटे झाड, रोखून पाहणारा प्राणी असले काही त्यात सापडत नाही. मुलांच्या विभागासाठी विदूषक सुचवला गेला नाही, याचे मला विशेष समाधान वाटले. शेफील्ड विद्यापीठाने 2008 मध्ये 4 ते 16 वयोगटातील 250 हून अधिक मुलांची मते विचारली, तेव्हा विदूषकांची चित्रे सर्वच वयाच्या मुलांना नावडती ठरली होती. (मुलांचा विभाग सजवताना मुलांनाच विचारावे, हे मोठ्यांना फार उशिरा सुचते.)

चित्र भिंतीवर चढवताना मात्र हा सारा विचार मागे पडला. वॉर्डातील जवळजवळ प्रत्येक चित्र खाटेच्या उशाकडील भिंतीवर लावले गेले. भेटायला आलेल्या नातेवाइकांना ते छान दिसते, पण ज्याच्यासाठी आणले त्या रुग्णाला मान वळवूनही दिसत नाही. उलरिच यांच्याच 1984 च्या प्रसिद्ध अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. तेथे मुद्दा खाटेवरून काय दिसते, हाच होता. वास्तुविशारद अल्वार आल्टो यांनी फिनलंडमधील पायमियो येथील क्षयरुग्णालयात (1933) खोल्यांच्या छतांना शांत गडद हिरवा रंग दिला, कारण आडव्या माणसाला दिवसभर छतच दिसते. छतावर बसवायचे फलक या सेवेच्या यादीत आहेत. ते कोणी सुचवले मात्र नाहीत.

दुसरी उणीव काचेची. खाटेच्या पायथ्याकडील भिंतीवर जी मोजकी चित्रे लागली, त्यांना साधी चकचकीत काच बसवलेली होती, त्यामुळे उशीवर डोके टेकून पाहिल्यास तळ्याच्या ऐन मध्यावर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी आडवी पडलेली दिसे आणि पलीकडचा काठ हरवून जाई. तक्रार केल्यावर त्यांनी काचेऐवजी चकाकी न येणारे अॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) विनातक्रार बसवून दिले, हे नोंदवायलाच हवे.

बाह्यरुग्ण विभागातील कॅनव्हासबाबत तशी तत्परता दिसली नाही. उघडा कॅनव्हास जंतुनाशकाने वारंवार पुसता येत नाही, हे रुग्णालयांसाठी काम करणाऱ्यांना ठाऊक असायला हवे. येथे थोड्याच काळात खालच्या कडेचा रंग उडाला आणि कोपऱ्यातील छपाई फुगून सुटू लागली. त्यावर ‘साफसफाई आमच्या कक्षेत येत नाही’ असे उत्तर मिळाले.

प्रतीक्षाकक्ष, मार्गिका आणि मुलांचा विभाग यांसाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. वॉर्डांचे काम द्यायचे असेल, तर प्रत्येक चित्राची जागा खाटेवर प्रत्यक्ष आडवे होऊन, दिवे लावून ठरवली जाईल, चौकट मागून-पुढून बंद असेल आणि पृष्ठभाग जंतुनाशक सोसणारा असेल, या तीन अटी करारातच लिहून घ्याव्यात.