एल तातियो: पहाटे वाफ बघा, परतताना प्राणी बघा

उंच उसळणाऱ्या फवाऱ्यांची अपेक्षा ठेवून एल तातियोला गेलात, तर थोडे हिरमुसाल. उत्तर चिलीतलं, बोलिव्हियाच्या सीमेलगतचं हे गीझरचं, म्हणजे थांबून थांबून उसळणाऱ्या उकळत्या झऱ्यांचं, पठार सुमारे 4,300 मीटर उंचीवर आहे. अमेरिकेतलं यलोस्टोन आणि रशियातलं कामचाट्का यांच्या खालोखाल जगात ते तिसरं मोठं, आणि दक्षिण गोलार्धात सर्वांत मोठं. मात्र इथल्या गीझरांची सरासरी उसळी मीटरभरही नसते आणि जोरातला फवारा पाच-सहा मीटरांपलीकडे क्वचितच जातो. इथे बघायची ती वाफ, आणि परतीच्या रस्त्यावरचे प्राणी. दुसरा भाग बहुतेक टूरवाले घाईत उरकतात, म्हणून टूर निवडताना जास्त चौकशी त्याचीच करावी.

पहाटे चार-पाचला सान पेद्रो दे आताकामा या मुक्कामाच्या गावाहून निघायला सांगतात, त्यामागे खरं कारण आहे. सूर्य उगवण्याआधी पठारावर पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरतो, हिवाळ्यात त्याहूनही खाली. तेवढ्या गार हवेत वाफेचे लगेच बारीक थेंब होतात आणि पांढरे खांब उभे राहतात. नऊ-दहा वाजता ऊन तापलं की तेच झरे तितक्याच जोमाने उकळत असतात, पण वाफ डोळ्यांना दिसेनाशी होते. उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला डबकी येतात.

या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं. आकडा कमी वाटला तरी कातडी सोलून निघायला तो पुरेसा आहे. इथे पडून, भाजून माणसं दगावली आहेत. गीझरच्या मुखाभोवतीचा पांढरा-करडा थर म्हणजे पाण्यातून साचलेली सिलिका, वाळूत असतं तेच खनिज. वरून तो फरशीसारखा टणक दिसतो, पण काठाशी पातळ आणि खालून पोकळ असू शकतो. दगडांनी आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये, आणि वाफेच्या आड काय आहे ते दिसत नसेल तर मागे सरकू नये. फोटोसाठी मागे मागे जाणं हा इथला सर्वांत मोठा धोका आहे.

एकाच गीझरपाशी दहा मिनिटं थांबा. इथली चक्रं छोटी असतात. एल हेफे नावाच्या गीझरची संशोधकांनी नोंद ठेवली, तेव्हा दोन उद्रेकांमधलं अंतर सुमारे 132 सेकंद भरलं. आधी मुखातलं पाणी चढतं, बुडबुडे वाढतात, काठावरून पाणी सांडतं, उसळी येते, आणि मग पाणी गुडगुडत खाली ओढलं जातं. हे चक्र दोनदा पाहिलं की तिसऱ्या वेळी कॅमेरा कधी रोखायचा ते कळतं. उडालेले थेंब लेन्सच्या काचेवर सुकू देऊ नका. पाणी उडून जातं, सिलिकेचा पांढुरका पापुद्रा मागे राहतो आणि तो सहज निघत नाही. लेन्स लगेच पुसा, बॅटरी आतल्या खिशात ठेवा. ओघळांकडेही वाकून पाहा: मुखापासून थोडं दूर, पाणी जरा निवलेलं असतं तिथे नारिंगी-तपकिरी बुळबुळीत पट्टे दिसतात. ते जिवाणूंचे थर आहेत.

हे पाणी तोंडात घालू नका, त्यात अंडी उकडण्याचा हौशी प्रयोगही नको. त्यात आर्सेनिक भरपूर आहे. त्याचा निचरा सालादो नदीतून लोआ नदीत जातो. याच डोंगररांगेतल्या तोकोन्से नदीचं पाणी 1958 मध्ये आन्तोफागास्ता शहराला पुरवलं गेलं, आणि 1970 मध्ये शुद्धीकरण सुरू होईपर्यंत लोक आर्सेनिकयुक्त पाणी पीत होते. त्याचे कॅन्सरसारखे परिणाम पुढे अनेक दशकं दिसले.

आवाराचा कारभार कास्पाना आणि तोकोन्से या आताकामेन्यो आदिवासींच्या गावांकडे आहे. टूरच्या दरात प्रवेश फी बहुधा धरलेली नसते, म्हणून चिली पेसो रोख जवळ ठेवा. डुंबण्याचं कुंड चालू आहे का, हे आदल्या दिवशी विचारा. चालू असलं तरी पाणी सगळीकडे सारखं ऊबदार नसतं, आणि बाहेर आल्यावर ओल्या अंगाला झोंबणारी थंडी गृहीत धरा.

आता परतीचा रस्ता. पुताना नदीकाठच्या पाणथळीवर निदान अर्धा तास थांबणारी टूर घ्या. गाडीतून फोटो काढून पुढे जाणारी नको. इथला खरा मान तागुआ हिगांते या महाकाय वारकरी पक्ष्याचा. काळसर अंग, जाड तांबडे पाय. पूर्ण वाढलेला पक्षी इतका जड असतो की सहसा उडतच नाही. पाणवनस्पती ओढून आणून तो पाण्यातच मोठा तराफा रचतो आणि त्यावर घरटं करतो. दुर्बिणीतून पाहिलं तर जोडीतला एक चोचीत ओलं गवत घेऊन येताना आणि दुसरा ते रचताना दिसतो. काठावरच्या हिरवळीत पांढऱ्याशुभ्र अंगाचे, काळ्या पंखांचे गुआयाता हंस जोडीने चरतात. ते पोहताना कमीच दिसतात.

विकुन्या आणि लामा या उंटाच्या कुळातल्या दोन प्राण्यांत गल्लत होते. कानात रंगीत लोकरीचे गोंडे असतील तर तो पाळीव लामा. सडपातळ, दालचिनी रंगाचा, छातीवर पांढरे केस असलेला तो रानटी विकुन्या. एक नर आणि काही माद्या असा त्यांचा छोटा कळप असतो. कळपाकडे चालत गेलात तर नर शिट्टीसारखा इशारा देतो आणि सगळे चरणं सोडून पळतात. गाडीजवळच थांबा, ते आपणहून जवळ चरत येतात. विस्काचा बघायचा तर ऊन पडलेल्या खडकांच्या कपारी धुंडाळा. सशासारखा दिसणारा, लांब वळलेल्या शेपटीचा हा उंदीरवर्गी प्राणी डोळे मिटून ऊन खात बसतो. खडकांवरचा हिरवा, गोलसर यारेता या झुडपाचा गोळाही पाहावा, पण त्यावर बसू नये. तो वर्षाला जेमतेम दीड सेंटिमीटर वाढतो.

माचुका गावातला थांबा ठीक आहे. चीजची गरम एम्पानादा खाऊन निघा.

सर्वांत जास्त लोकांची सहल बिघडते ती उंचीमुळे. सान पेद्रो 2,400 मीटरवर आहे. तिथून दोन तासांत जवळजवळ 1,900 मीटर चढलं की हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो. डोकं ठणकतं, मळमळतं, पावलं जड होतात. म्हणून एल तातियो मुक्कामाच्या शेवटी ठेवा: आधी चंद्रदरी आणि आताकामाचं मिठागर, मग मिस्कान्ती सरोवर, मग हे. आदल्या रात्री दारू आणि जड जेवण टाळा, पाणी पीत राहा, वर गेल्यावर चाल मंद ठेवा. बोलणं अडखळलं, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न पाहता खाली उतरा. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

स्वतः गाडी चालवणार असाल तर टाकी सान पेद्रोतच भरा, पुढे पंप नाही. रस्त्यावर कालामिना, म्हणजे आडव्या सऱ्या, फार आहेत. अंधारात त्यांवर वेग घेतला की वळणावर गाडी घसरते. जानेवारी-फेब्रुवारीत पठारावर पाऊस येतो आणि रस्ता अचानक बंद होतो. त्या दिवसांत बुकिंग करताना पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या, आणि टूरवाला सेर्नातुर या सरकारी पर्यटन खात्याच्या नोंदणीत आहे का तेही तपासा.