'कलम' फॉन्ट: आठ महिने रोज वापरल्यावर

मी घरूनच पत्रिका, मानपत्रं, छोट्या पुस्तिका लावून देते. अक्षर हाताने लिहिल्यासारखं हवं असलं की गेले आठ महिने 'कलम'च घेते. हा इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा फॉन्ट. त्यातली देवनागरी अक्षरं लिपी रावल या डिझायनरची, रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची. अक्षरं चांगली पुढे झुकलेली, जणू कोणी भरभर पण जपून लिहितंय.

तो खरा कळला एका पाककृतींच्या पुस्तिकेत. एका बाईंनी सासूबाईंची वही आणून दिली होती. 'दीड वाटी भाजणी, चिमूटभर हिंग, कडकडीत मोहन' हे सगळं रेग्युलरमध्ये, म्हणजे मध्यम जाडीच्या अक्षरात, १४ पॉइंटला लावलं. प्रूफ हातात घेतल्यावर बाई अक्षर बघायचं विसरल्या आणि कृतीच मोठ्याने वाचायला लागल्या. मला तेव्हाच फार समाधान वाटलं. एका फॉन्टमध्ये १,०२५ अक्षराकृती आहेत, त्यामुळे जोडाक्षरं पाय मोडून उभी राहत नाहीत. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्यांना' यांतला फरक नीट उमटतो, आणि स्वयंपाकाच्या पुस्तकात तो उमटायलाच हवा!

मोठ्या आकारात मात्र जपावं लागतं. एका फ्लेक्सवर 'काकाकाकू' लावलं आणि चारही क अगदी जुळे दिसले. हाताने लिहिलेले दोन क कधी इतके सारखे येत नाहीत. बोरूचं तिरकं कापलेलं टोक जशी जाड-बारीक रेघ देतं, तशीही इथे मिळत नाही. हे पेनाचं अक्षर आहे. म्हणून लग्नपत्रिकेत वधू-वरांची नावं मी 'अमिता' या दुसऱ्या फॉन्टमध्ये घेते आणि आग्रहाचा मजकूर 'कलम'मध्ये. दोन्ही शेजारी छान नांदतात.

लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी तीन वजनं, म्हणजे रेघेच्या जाडीचे प्रकार, आहेत. बोल्ड मार्करसारखं दिसतं, नाजूक कामाला नको. लाइट पडद्यावर देखणं, पण खरखरीत कागदावर १६ पॉइंटच्या खाली मी छापत नाही, रेघा विरतात. ओळींमधलं अंतर मुळातच सैल आहे. ते फार आवळू नका, वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत अडकतात.

एकदा एका छापखान्यात फॉन्ट न टाकताच फाइल उघडली गेली आणि पन्नास पत्रिकांवर वेगळंच अक्षर छापून आलं. मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी चित्राकृतींमध्ये, बदलूनच पाठवते, आणि तुम्हीही तसंच करा.

फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे गिऱ्हाइकाच्या कामातही बिनधास्त वापरता येतो.

त्याच बाईंनी आता लोणच्यांची वही आणून दिली आहे. तीही रेग्युलरमध्ये, १४ पॉइंटलाच लावायला घेतली आहे.