घरगुती सातेरी मधपेटी संच : वर्षभराच्या वापरानंतर

येऊरच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या बैठ्या घराच्या परसात ठेवण्यासाठी गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही ठाण्यातील एका विक्रेत्याकडून नवशिक्या कुटुंबांसाठीचा मधपेटी संच घेतला. त्यात लाकडी पेटी, ती ठेवायची लोखंडी घोडी, माश्या शांत करायला धूर सोडणारे धुराडे, जाळीच्या दोन टोप्या, हातमोजे आणि राणीसह पोळे बांधायच्या चार चौकटींवर बसलेली सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी, माश्यांची वसाहत होती.

पेटीचे काम उत्तम आहे. चौकटी अडकत नाहीत, वरचे पत्र्याचे छप्पर ठाण्याच्या पावसातही गळले नाही आणि घोडीच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्यांमुळे मुंग्यांचा त्रास झाला नाही. टोप्या मात्र दोन्ही मोठ्यांच्या मापाच्या निघाल्या. ‘कुटुंबासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात मुलांच्या मापाची एकही टोपी नसावी, हे अनाकलनीय आहे. अकरा वर्षांच्या मुलीसाठी आम्हाला ती वेगळी शिवून घ्यावी लागली, आणि ती येण्यापूर्वीच तिने पहिला डंख खाल्ला. नांगी चिमटीत न धरता नखाने चटकन खरडून काढायची असते, हे घरात प्रथम तिलाच कळले.

खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. ते इटालियन माशी, म्हणजे मेलिफेरा, डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. चौकटींवरचे प्रोपोलिस, म्हणजे माश्या झाडांवरून आणतात तो राळेसारखा चिकट पदार्थ, खरवडून काढावे, असे त्यात सांगितले आहे. सातेरी माशी प्रोपोलिस गोळाच करत नाही, त्यामुळे पटाशी हातात घेऊन आम्ही बराच वेळ नसलेली वस्तू शोधत बसलो. दर आठवड्याला पेटी उघडण्याचा सल्ला तर घातक ठरू शकतो, कारण वारंवार छेडलेली सातेरी वसाहत पेटी सोडून निघून जाते. शेजारच्या तालुक्यातील एका अनुभवी मधपाळांनी वेळीच सांगितले नसते, तर आमचीही पेटी रिकामी झाली असती. पावसाळ्यात फुलोरा आटतो, तेव्हा साखरेचा पाक ठेवावा लागतो आणि अशक्त वसाहतीत पोळे खाणारा मेणकिडा शिरतो, याचा पत्रकात उल्लेखही नाही.

एवढे असूनही संच घेतल्याचा पश्चात्ताप नाही. संध्याकाळी चहाचे कप घेऊन पेटीपासून सहा-सात हातांवर, माश्यांची येण्याजाण्याची वाट सोडून बाजूला, बसण्याची सवय सगळ्या घराला लागली आहे. कामकरी माश्यांच्या पायांवरील परागांच्या गोळ्या कधी पिवळ्या, कधी राखाडी दिसतात; त्या कोणत्या झाडाच्या असाव्यात यावर सासूबाई आणि मुलगी यांच्यात रोज वाद होतो, आणि त्यासाठी दोघी सकाळी परिसरातील शेवगा, नारळ, जांभूळ पाहून येतात. चौकटी फिरवून मध काढायचे मधयंत्र संचात नाही, पण विक्रेता ते दोन दिवसांसाठी विनामूल्य देतो. त्यामुळे पोळी न मोडता मध काढून ती माश्यांना परत देता आली. जांभळाचा बहर सरल्यावर आम्हाला एकदाच, जेमतेम दोन बाटल्या, मध मिळाला. त्याची चव किंचित तुरट होती. कारवीच्या मधाची चौकशी मुलीने केली आहे, पण कारवीचे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलत असल्याने त्यासाठी थांबावे लागेल.

दुसरी पेटी आम्ही याच विक्रेत्याकडून घेणार आहोत. पत्रक त्यांनी स्वतःजवळ ठेवावे आणि त्याऐवजी एक लहान टोपी द्यावी, असे त्यांना कळवले आहे.