शहर फिरायला घेतलेली स्लिंग बॅग, सहा महिने वापरून

आधी मी २० लिटरची सॅक घेऊन फिरायचो, पण जागा दिसली की आपण काहीतरी कोंबतोच आणि संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात, म्हणून ही ६ लिटरची स्लिंग घेतली. मोबाईल, पॉवर बँक, घडीची छत्री, पातळ जॅकेट आणि अर्ध्या लिटरची बाटली, बास एवढंच बसतं. बाटली उभी राहत नाही, आडवी टाकावी लागते, आणि झाकण नीट लावलं नाही तर कल्याण! (झालंय एकदा, चार्जर गेला.) सगळ्यात आवडला तो मागचा, अंगाला चिकटून राहणारा चोरकप्पा, मेट्रोच्या गर्दीत बॅग पुढे ओढून घेतली की पाकिटाचं टेन्शनच नाही. कापड नायलॉनचं, वरून पाणी घरंगळून जातं पण चेनमधून आत झिरपतं, तेव्हा वॉटरप्रूफ लिहिलंय त्यावर जाऊ नका. पट्टा चांगला ४ सेंटिमीटर रुंद आहे त्यामुळे मानेला काचत नाही, फक्त बकल चालता चालता सरकत जातं आणि बॅग हळूहळू गुडघ्याकडे निघते, शेवटी वैतागून मी तिथे दोन टाकेच घातले. लॅपटॉप न्यायचा असेल तर ही नकोच.